पकडीतली अक्षता

होणाऱ्या व्याह्यांची अर्धी मिशी वैजनाथरावांच्या हातून गेली.

तसं काही झालेलं नाही. त्या दसऱ्याला कसब्यातल्या त्या खोलीत जे पाच जण हजर होते, त्या सगळ्यांचं यावर एकमत आहे. तेव्हा आपणही काही झालेलं नाही असं धरूनच पुढे जाऊ.

पूर्वाने सकाळीच बजावलं होतं. "बाबा, प्लीज. आज मशीनचा विषय नाही." तेजस तिच्याच कंपनीतला प्रोग्रॅमर. दोघांचं आपापसांत ठरलेलं. त्याचे वडील आप्पासाहेब फक्त होकार द्यायला येणार होते. आणि त्यांचा होकार मिळवणं म्हणजे, तेजसच्याच शब्दांत, सर्व्हर डाऊन असताना लॉगिन करणं.

कारखान्याने वैजनाथरावांना स्वेच्छानिवृत्ती दिली होती. स्वेच्छा कारखान्याची, निवृत्ती वैजनाथरावांची. तेव्हापासून ते दाढीच्या जुन्या पात्यांना धार लावायचं यंत्र बनवत होते. मोटर आणि दगडी चाक काय, कोणीही जोडेल. जीव होता तो पकडीत. तिच्या दोन पोलादी जबड्यांनी पातं असं धरायचं, की फिरत्या चाकावर ते केसभरही कलू नये. लोक पाती वापरून फेकून देतात, टीव्हीवर तीन-तीन पात्यांच्या जाहिराती लागतात, याची त्यांना कल्पना होती. ही लाट ओसरेल, असं त्यांचं मत होतं.

आदल्या दिवशी खंडेनवमीला त्यांनी यंत्राची यथासांग पूजा केली होती. हळदकुंकू, झेंडूची माळ, वर अक्षता. पूजा उठल्याशिवाय यंत्र हलवायचं नाही, म्हणून पूर्वाने त्याच्यावर आईची शाल पांघरली. माळ मात्र खालून दिसत राहिली.

आप्पासाहेब तेजसबरोबर आले, चपला काढल्या आणि थेट शालीसमोर हात जोडून उभे राहिले. बराच वेळ, डोळे मिटून. मग वळून अदबीने म्हणाले, "कुलदैवत कोणतं आपलं?"

एरवी वैजनाथरावांनी एखादं नाव ठोकून दिलं असतं. पण माणूस डोळे मिटून पाया पडला होता.

"अहो, ते पात्यांना धार लावायचं यंत्र आहे."

पूर्वाने कपाळावर हात मारून घेतला. पण आप्पासाहेबांचा चेहरा उजळला. पातं काचेच्या पेल्यात आतून घासून घासून वापरणाऱ्यांपैकी ते एक होते, आणि घरात या गोष्टीवरून त्यांची फार चेष्टा व्हायची. ते मांडी ठोकून बसले आणि दाखवाच म्हणाले. तेजसने बापाकडे आणि मग पूर्वाकडे पाहिलं. सर्व्हर सुरू झाला होता.

शैलाताई हळूच नवऱ्याला म्हणाल्या, की अहो, निदान ती पकड तरी पुसून घ्या. वैजनाथरावांनी सांगितलं, पूजा उठायच्या आत पुसायचं नसतं. चालवायचंही नसतं; पण तेवढं त्यांना त्या क्षणी आठवायचं नव्हतं. त्यांनी शाल काढली, कुंकवाने माखलेल्या जबड्यांत एक जुनं पातं घातलं आणि मोटर सुरू केली.

खालच्या जबड्यात एक अक्षता अडकली होती. एकच. पातं तेवढंच कललं. चाकावरून निघालं तेव्हा एका टोकाला त्याचा वस्तरा झालेला होता आणि दुसऱ्या टोकाला करवत.

आप्पासाहेब सकाळीच घोटून आले होते. करून बघण्याजोगी जागा उरली होती ती मिशीच्या डाव्या कडेला. तिथला कोपरा जरा साफ करून बघतो म्हणाले, आणि ते पातं बसवलेला रेझर हातात घेऊ लागले. वैजनाथराव म्हणाले, "छे, आपण कशाला. मी आहे ना."

करवत लागली, आप्पासाहेब दचकले आणि वस्तरा पुढे गेला. धार उत्तमच होती.

डावी मिशी शालीवर पडली. ओठावर लाल रेघ उमटली. ती रक्ताची की कुंकवाची हे निरखून बघायची कोणाची हिंमत झाली नाही. आप्पासाहेबांनी आरसा मागितला, पाहिला, पालथा ठेवला.

"शिरा छान झालाय," ते म्हणाले.

शैलाताई उठून शिरा करायला गेल्या.

मग सगळं सुरळीत झालं. होकार झाला, तिथी ठरली, कार्यालयाचा विषय निघाला. सगळे आप्पासाहेबांच्या उजव्या बाजूशी बोलत होते. तेजसने "काका, यंत्र भारी आहे" म्हटलं. पूर्वासुद्धा काही बोलली नाही, आणि ती काही बोलत नाही हे वैजनाथरावांनी जन्मात प्रथमच पाहिलं. त्यांनी पकड उघडून नखाने ती अक्षता काढली आणि मुठीत धरून बसले. कारखान्यात मशीनवरचा जॉब बिघडला की फोरमन सगळ्यांदेखत शिव्या घालायचा. त्यानंतर माणसाला डबा तरी गोड लागायचा. इथे शिरा घशाखाली उतरेना.

निघताना दारात सोनं लुटलं. आप्पासाहेबांनी आपट्याचं पान त्यांच्या हातावर ठेवलं, उजव्या बाजूने हसले आणि तोंडभरून म्हणाले, "झकास बेत झाला, वैजनाथराव."

वैजनाथराव नमस्काराला खाली वाकले, ते सरळ होईचनात. बोलायचं तर होतं, पण आयुष्यभर साहेबांपुढे रजेचे अर्ज केलेल्या माणसाला जी भाषा येते तीच तोंडात आली.

"आप्पासाहेब, विनंतीपूर्वक कळवतो की, आज सायंकाळी माझ्या हातून घडलेल्या प्रकाराची आपण कृपया दखल घ्यावी, आणि आपल्या सवडीने, चारचौघांत, मला एकदा रीतसर झापावं, ही नम्र विनंती."