ताऱ्यावरचं गाऱ्हाणं

"साहेब विचारतात, ह्या कादंबरीतलं राज्य पोर्तुगालचं नाही कशावरून?" दुभाष्याने विचारलं.

"कारण ते एका ताऱ्यावरचं आहे," गुरुदास मास्तर म्हणाले. तिसऱ्यांदा.

चोपन्न साल होतं. दोडामार्गच्या पलीकडे, फिरंग्यांच्या नाक्यावर, टेबलावर त्यांची वही पडली होती. मास्तरांनी जन्मात एकच कादंबरी लिहिली, आणि तीही आभाळातली. एक बलाढ्य राज्य एका ताऱ्यावर उतरतं आणि तिथल्या लोकांची भाषा, देव, नावं गिळत जातं, अशी. मेव्हणा शिवा ती म्हापशाच्या मित्राला वाचायला नेत होता, ती झडतीत सापडली. आता शिवा मागच्या खोलीत कडीबंद होता. संध्याकाळच्या गाडीने त्याला पणजीला नेणार होते. तिथे नेलेली माणसं परत कधी येतात ते कोणीच सांगत नव्हतं. मास्तर त्याला सोडवायला धावत आले होते.

अंमलदार काहीतरी बोलला. दुभाषी पेडण्याकडचा, म्हणजे तसा आपल्यातलाच. तो हळूच म्हणाला, "मास्तरानू, घाबरा नको. एक पान वाचून सायबाक अर्थ सांगतंय. ताऱ्यावरचा आसा ह्या कळला काय सोडतलो तेका."

त्याने वही मधोमध उघडली. नेमकं गाऱ्हाण्याचं पान.

मास्तरांनी ताऱ्यावरच्या लोकांना घरं नवी दिली होती, हत्यारं नवी दिली होती, तीन डोळ्यांचा राजा दिला होता. गाऱ्हाणं मात्र गावच्या देवळातलंच दिलं. दुसऱ्या तऱ्हेने देवाशी बोलता येतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

"बा देवा म्हाराजा," दुभाषी वाचू लागला, "बारा ताऱ्यांच्या, पाच चंद्रांच्या धन्या..."

परवान्याच्या रांगेत वीसेक माणसं उभी होती. त्यातली एक म्हातारी पुटपुटली, "व्हय म्हाराजा!"

मास्तरांनी दचकून मागे पाहिलं. देवापुढे गावच्या मानकऱ्याने, गावकराने, गाऱ्हाणं घातलं की जमलेल्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. त्यात विचार करायचा नसतो, ते शिंकेसारखं येतं.

"परक्या राजान आमची भास नेल्यान, आमची नावां बदलल्यान..."

"व्हय म्हाराजा!" आता निम्मी रांग बोलली. मास्तर हात जोडून "गप ऱ्हवा, गप ऱ्हवा" करत होते. त्यांच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. दुभाष्याचंही नव्हतं. त्याचा कारकुनी आवाज केव्हाच गेला होता. डोळे मिटून, गावकराच्या वरच्या पट्टीत तो म्हणत होता, "ता आमका परत मिळांदे! त्याचो झेंडो आमच्या आभाळातसून उतरांदे रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अंमलदार ताडकन उभा राहिला. त्याला अक्षर कळलं नव्हतं, पण रांगेतली माणसं त्याला दिसत होती. दुभाष्याने डोळे उघडले आणि वही त्याच्या हातातून सुटली. रांग खाली मान घालून चूप झाली.

मागच्या खोलीत शिवाला यातलं काहीच दिसत नव्हतं. बाहेर आपल्यासाठी कोणी देवाला साकडं घालतंय, एवढंच त्याला वाटलं असणार. बंद दाराआडून, सगळ्यांच्या मागून, त्याचा एकट्याचा खणखणीत आवाज आला.

"व्हय म्हाराजा!"