कोकोएच्या बापाची सही

"सही झाल्याशिवाय मी बसमध्ये चढणार नाही," सेरवा म्हणाली आणि आपल्या पेटीवरच बसली.

एफोएने रंधा थांबवला नाही. लोमेतल्या त्याच्या सुतारखान्यासमोर बस उभी होती. सीमेपलीकडच्या कुमासीहून आलेली बाकीची अकरा मुलं कधीच चढली होती. शाळांच्या अदलाबदलीत सेरवा पंधरा दिवस या घरी राहिली, फ्रेंच शिकली. आता ऑगस्टमध्ये एफोएच्या मुलीने, कोकोएने, सेरवाच्या घरी जायचं होतं, इंग्रजी शिकायला. त्या परवानगीचा कागद तीन दिवस सरसाच्या डब्याखाली पडून होता.

"एकदा नाही म्हणालो ना?" एफोए म्हणाला. "माझी मुलगी परक्याच्या घरी झोपायची नाही."

"मग मी कुणाच्या घरी झोपले, काका?"

दारात उभ्या असलेल्या कोकोएने तोंडावर हात ठेवला.

"तुझं वेगळं. इथं मी होतो."

"तिथं माझा आई आहे."

"माझी," कोकोए पुटपुटली.

"माझी आई आहे," सेरवाने सुधारलं.

बसचा भोंगा वाजला. एफोएची बायको आब्लावी कसावा कंदाच्या रव्याची पुरचुंडी घेऊन बाहेर आली. "अहो, पोर पेटीवर बसून आहे, बस खोळंबलीय. काय तो एकदा निकाल लावा!"

"लावला की. तिलाच ऐकू येत नाही."

बसमधून शिक्षक उतरून आले. "सेरवा, चल. यांची इच्छा नसेल तर राहू दे. आपल्याला सीमा ओलांडायचीय."

"तुम्ही पुढं व्हा, सर. मी मागाहून येईन."

"कशी येशील?"

"ते अजून ठरवलं नाही."

शिक्षकांनी एफोएकडे पाहिलं. एफोएने लाकडाकडे. कोकोए धावत आली आणि सेरवाचा दंड धरून ओढू लागली. "सोड ना. बाबा नाही म्हणाले की नाहीच. ऊठ."

सेरवा उठली नाही.

"त्या रविवारी आम्ही दोघी समुद्रावरून उशिरा आलो," ती म्हणाली. एकेक शब्द शोधून ठेवत होती. "तुम्ही कोकोएला वाट्टेल ते बोललात. मला म्हणालात, जेवून घे. मी ताटावर बसून रडले."

"तू कशाला रडलीस? तुला तर कुणी काही बोललं नाही."

"म्हणूनच."

रंधा थांबला.

"माझी आई तसं करणार नाही, काका. कोकोए उशिरा आली तर ती आधी तिला झापेल, मग मला. शेजारीपाजारी ऐकतील एवढ्या मोठ्यानं. पाहुणीबिहुणी काही बघणार नाही."

एफोएने रंध्यातली ढलपी बोटाने काढली. "मारते?"

"चप्पल फेकते. पण नेम नाही तिला."

आब्लावी पुरचुंडीआड तोंड लपवून हसली. एफोए हसला नाही. त्याने हात विजारीला पुसले, सरसाचा डबा बाजूला केला, कागद झटकला आणि वरपासून खालपर्यंत वाचला. मग कानावरची पेन्सिल काढली.

"पेन्सिल नको, काका," सेरवा म्हणाली. "खोडता येते."

शिक्षकांनी डोळे मिटून घेतले.

एफोए तिच्याकडे बघत राहिला. मग पेन्सिल त्याने पुन्हा कानावर खोचली आणि मान वळवली.

"कोकोए, पेन आण."

कोकोए जागची हलली नाही.

"अगं, पेन!" तो ओरडला. "इथंच बहिरी झालीस तर तिकडं इंग्रजी काय कपाळ ऐकणार आहेस?"