जामीनदाराचं घर

"पुढच्या महिन्यात नक्की भरतो, मॅडम. पोरीची शपथ!" बेकरीवाला हात जोडून म्हणाला. त्याला पोर नव्हतीच.

बँकेच्या वसुलीच्या मॅडमनी थंड भट्टीत डोकावून पाहिलं. "गेल्या खेपेलाही हेच म्हणालात. आता जामीनदाराच्या घरावर जप्ती येईल. सख्खे भाऊ ना ते तुमचे?"

"काय करू? धंदाच बसला हो," म्हणत त्यानं डोळे पुसले.

मॅडम गेल्या आणि हा पोट धरून हसला. धंदा कसला बसतोय! भट्टी त्यानं मुद्दाम सकाळीच विझवली होती. ज्या यंत्रासाठी कर्ज काढलं ते फक्त बिलावर होतं. ते पैसे आणि रोजचा गल्ला, सगळं गुपचूप बायकोच्या खात्यात जात होतं.

दादाच्या घरावर जप्ती, हेच तर त्याला हवं होतं. वडील गेल्यावर याच दादानं घर एकट्याच्या नावावर करून घेतलं आणि धाकट्याला बायकोसकट भर दुपारी रस्त्यावर काढलं. बारा वर्षं हा आतल्या आत जळत होता. मग एक दिवस त्यानं दादाच्या पायांवर लोळण घेतली, बेकरीच्या नफ्यात निम्मा वाटा कबूल केला. नफा म्हटल्यावर दादाला लगेच भाऊ आठवला. घर तारण ठेवून त्यानं कर्जाला जामीनदार म्हणून सही ठोकली.

"आता बघ त्याचा कसा बोऱ्या वाजवतो," बेकरीवाला बायकोला म्हणाला. "लिलावात ते घर तू घ्यायचंस. पण कर्जदाराच्या बायकोला बँक बोली लावू देत नाही, म्हणून कागदोपत्री घटस्फोट घेऊ. खात्यातलं सगळं तुझं, असं लिहून देतो. घर हातात आलं की आपण नवरा-बायको आहोतच की!"

बायकोला तो मुकी म्हणायचा. तिच्या सोन्याच्या बांगड्या त्यानं मोडल्या, तेव्हा तिनं तोंड उघडलं होतं आणि सणसणीत कानाखाली खाल्ली होती. तेव्हापासून ती गप्पच असायची.

त्यानं पुढे सरकवलेला कागद मुकीनं शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. "कोर्टात पक्कं होईल ना हे?"

"अगदी पक्कं! बँकेच्या बापालाही संशय येणार नाही."

तिनं सही केली.

सगळं ठरल्याप्रमाणे झालं. कोर्टात घटस्फोट झाला, नोटिसा आल्या, जप्ती झाली, लिलावात मुकीची बोली चढी ठरली. ताबा मिळाला त्या सकाळी बेकरीवाला कडक इस्त्रीचा शर्ट घालून फाटकापाशी उभा राहिला. समोर दादाचं सामान टेम्पोत चढत होतं. कपाट गेलं, पलंग गेला. वहिनी पदरानं तोंड झाकून पुढच्या सीटवर बसली होती.

"अरे, सख्खा भाऊ ना मी तुझा?" दादा टेम्पोत सामानाशेजारी बसत म्हणाला. "या वयात कुठे जाऊ?"

"मी गेलो होतो तिकडेच जा!" बेकरीवाला म्हणाला. काय सुख झालं त्याला ते बोलताना! बारा वर्षांची आग एका वाक्यात थंड झाली.

हमालानं शेवटची ट्रंक बाहेर आणली.

"ए बाबा, ती नको!" बेकरीवाला ओरडला. "ती माझी आहे. सकाळीच आणून ठेवली मी."

"बाईंनीच न्यायला सांगितली," म्हणत हमालानं ती टेम्पोत ढकलली.

बेकरीवाल्यानं वळून पाहिलं. मुकी दार निम्मं लावून उंबऱ्यात उभी होती.

"दादा, जरा सरकून बसा," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "तुमच्या भावालाही न्यायचंय."