एक नियमाची, एक माझी

"काकू आल्यायत," सिद्धार्थ म्हणाला.

निनाद वाकून बूट स्कीवर अडकवत होता. त्याने वर पाहिलंच नाही. "कोण काकू?"

"प्रतापची आई, यार. टूनगॅबीहून सहा तास ड्राइव्ह करून. लाडूपण आणलेत. जाऊन भेट ना."

"रेस झाल्यावर बघू."

कुंपणापलीकडे मेधाकाकू उभ्या होत्या, दोन्ही हात जॅकेटच्या खिशात खुपसून. वर्षभरात अर्ध्या झाल्या होत्या बिचाऱ्या. निनादने लांबूनच हात केला आणि घाईघाईने पुन्हा बुटांकडे वळला. त्यांच्या घरापासून दोन घरं सोडून राहत होता, तरी वर्षभर त्याने त्यांना असंच लांबून हात करून चुकवलं होतं. लोक म्हणायचे, जिवलग मित्र गेला, पोराला सोसत नाही.

डोंगरावर सकाळपासून धुकं उतरलं होतं. गेल्या ऑगस्टमध्येही, इथल्या ऐन हिवाळ्यात, असंच होतं. तेव्हा निनाद आणि प्रताप प्रॅक्टिसला दोघे वर गेले, आणि खाली निनाद एकटाच आला. धुक्यात चुकामूक झाली, असं त्याने कोचला सांगितलं, पोलिसांना सांगितलं, आणि काकूंसमोर बसून त्यांनाही सांगितलं. प्रताप तिसऱ्या दिवशी सापडला. पाय मोडलेला, गोठलेला.

टीम स्प्रिंट म्हणजे जोडीची शर्यत. एकाने फेरी मारून यायचं, दुसऱ्याला हात लावायचा, मग दुसऱ्याने सुटायचं. प्रत्येकी तीन फेऱ्या. हात लागला नाही तर जोडी बाद. एक स्पर्श पुरतो, पण प्रताप नेहमी पाठीवर दोन थापा मारायचा. आईने अंगठ्याला लाल दोऱ्याने रफू केलेला त्याचा तो निळा हातमोजा, पहिली थाप हलकी, दुसरी जोरात. "एक नियमाची, एक माझी," म्हणायचा.

ऑस्ट्रेलियाकडून वर्ल्ड चॅम्पियनशिपला एकच जोडी जाणार होती. आज जी पहिली येईल ती. सिद्धार्थ सगळ्यांत वेगवान, त्याचा जोडीदार म्हणून प्रतापचं नाव ठरल्यात जमा होतं. आता तिथे निनाद होता. या जागेसाठी त्याने काय काय केलं होतं, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

शिट्टी झाली. सिद्धार्थ धुक्यात दिसेनासा झाला.

निनाद पुढे तोंड करून उभा राहिला. जरा वेळाने मागून स्कीची सरसर ऐकू आली. पाठीवर थाप पडली. आणि लगेच दुसरी.

त्याला वळून बघायचं होतं. पाय मात्र सवयीने सुटले. चढावर त्याने स्वतःची समजूत घातली, सिद्धार्थचा हात घसरला असेल. वळणावरच्या निलगिरीच्या झाडाखाली कुणीतरी पाय पसरून बसलेलं दिसलं. जवळ गेल्यावर ओंडका निघाला.

दुसऱ्या वेळी तो कान टवकारून उभा होता. हलकी. जोरात. अगदी तोच ताल. त्याने मान वळवली, पण एकाच वेळी आत आलेल्या चार-पाच जणांच्या झुंबडीत आणि धुक्यात सिद्धार्थ कुठला तेच कळेना. या फेरीत त्याने झाडाकडे बघायचंच टाळलं. तरी आपल्याला मागून कुणी हाक मारतंय, असं त्याला उतार संपेपर्यंत वाटत राहिलं.

तिसऱ्यांदा दोन थापा पडल्या तेव्हा निनाद जीव खाऊन सुटला. जिंकायचं वगैरे काही डोक्यात नव्हतं. त्याला फक्त लांब जायचं होतं.

एकेकाला मागे टाकत त्याने रेष ओलांडली आणि तो तिथेच पालथा कोसळला. लाऊडस्पीकरवर त्याचं आणि सिद्धार्थचं नाव गाजत होतं. पहिला नंबर. जागा पक्की. बर्फात तोंड खुपसून तो नुसता धापा टाकत राहिला.

पाठीवर थाप पडली. हलकी. मग दुसरी, जोरात.

त्याने डोळे किलकिले केले. चेहऱ्याशेजारी बर्फावर एक निळा हातमोजा टेकला होता. अंगठ्यावर लाल दोऱ्याची रफू.

"सॉरी रे, प्रताप," मान वर न करताच तो हुंदके देत बोलू लागला. "तू हाका मारत होतास, मला ऐकू येत होतं. आय स्वेअर, मी परत येणार होतो. पण तुझा पाय मोडलेला बघितला आणि वाटलं, आता जागा आपली. म्हणून नाही सांगितलं कुणाला तू कुठे पडलायस ते. आता सोड ना मला. प्लीज."

हातमोजा हलला नाही.

"सिद्धार्थला दोनदा थोपटायला मीच सांगितलं होतं," मेधाकाकू म्हणाल्या. "तुला धीर यावा म्हणून."