बशीच्या तळाशी

नवऱ्याचा पारा चढला की तो हाताला येईल ती कपबशी भिंतीवर आपटायचा. तुकडे वेचताना तिच्या मस्तकात तिडीक उठायची, पण तोंडाला कुलूप. शेवटी तिने फुटकी भांडी सोन्याने सांधायचा जपानी क्लास लावला. तिथल्या बाईंची शिस्त कडक: सांधलेल्या भांड्याच्या तळाशी तारीख आणि फुटण्याचं कारण लिहायचंच.

आज नवऱ्याचे साहेब बायकोला घेऊन चहाला आले. तिने मुद्दाम सोनेरी रेघांच्या बशा मांडल्या.

"आमच्या हिचा हात बघा!" नवरा फुशारला. "मीच म्हटलं, शीक काहीतरी."

साहेबांच्या बायकोने कौतुकाने रिकामी बशी उलटी केली आणि मोठ्यांदा वाचलं:



"बारा मार्च. चहा गार होता, म्हणून ह्यांनी माझ्या अंगावर फेकली."