पाणी प्यायची सुट्टी

‘लुक आफ्टर’. कोकिळाने फळ्यावर लिहिलं आणि खाली मराठीत : सांभाळणे. मागच्या बाकावर शाळा तपासायला आलेले डिप्टीसाहेब वही उघडून बसले होते. आजचा पाठ त्यांना पटला, तर मेहकरच्या या शाळेत नोकरी पक्की.

बाहेर लिंबाखाली तिची सासू नातवाला घेऊन बसली होती. आठ महिन्यांचा सोपान मघापासून रडत होता. रडतोय म्हणजे ठीक आहे, असं मनाशी म्हणत ती शिकवत होती.

“बाई, पानी प्याले जाऊ?” शेवटच्या रांगेतली जनका उठली.

“जा, लवकर ये. हं, म्हणा सगळ्या : द मदर लुक्स आफ्टर द बेबी.”

वर्ग एका सुरात ओरडला. साहेबांनी वहीत काहीतरी टिपलं.

आणि बाहेरचं रडणं थांबलं.

कोकिळा खिडकीशी सरकली. सासूबाई झाडाला टेकून गाढ झोपल्या होत्या. मांडीवर नुसतं दुपटं. दहा पावलांवर शाळेची विहीर, बिनकठड्याची.

“बाई, पाठ अर्धा राहिलाय,” साहेब म्हणाले.

खडू कुठे पडला तिला कळलं नाही. ती विहिरीवर पोचली, वाकली. पाणी हिरवं, स्वस्थ होतं. पान हलत नव्हतं.

“बाई, इकडं हाये तो!”

रांजणाच्या आडून जनका आली. कडेवर सोपान, त्याच्या तोंडात तिच्या वेणीची रिबीन. “इहिरीकडंच रांगत चालला होता, म्हून उचलला. तुमी काऊन धावता हो?”

कोकिळा तिथेच मातीत बसली. हसू आलं की रडू, तिचं तिलाच समजेना.

साहेब दारात येऊन उभे होते. त्यांनी जनकाला नीट पाहून घेतलं. “काय गं पोरी, लुक आफ्टर म्हणजे काय?”

जनका गडबडली. “मले नाही येत, साहेब. मी पानी प्याले गेलती.” आणि घसरणाऱ्या सोपानला तिने सवयीने दुसऱ्या कडेवर घेतलं.

साहेबांनी वही मिटली. “पाठ पुरा करा, बाई. सोमवारपासून वर्ग तुमचाच.”

कोकिळाने हात पुढे केले, पण सोपान रिबीन सोडेना. जनका त्याला घेऊनच वर्गात गेली. कुणाला नवल वाटलं नाही. शेजारच्या मुलीने पाटी उचलली आणि सरकून दोघांपुरती जागा केली.