झुकतं माप

“लिहून घ्या मॅडम,” मुख्याध्यापिका सुभद्राबाई म्हणाल्या. “तुमच्या त्या दीपाली मॅडमनं तपासणीला येऊन माझा घोटभर चहासुद्धा घेतला न्हाई.”

हसीना बेगमचं पेन थांबलं. शाळा-तपासणीच्या तक्रारींची चौकशी करण्यात त्यांची हयात गेली होती. साहेबांना कोंबडं लागतं, पाकीट लागतं, हे सगळं ऐकून झालं होतं. पण चहा नाकारला म्हणून उदगीरकडच्या एका बाईनं थेट लातूरला जिल्हा परिषद गाठावी, हे नवल होतं. त्यात चौकशीसाठी शाळेकडे येताना जीपचा ड्रायव्हर कलीम म्हणाला होता, “आपा, लोक तर म्हणतात दीपाली मॅडमची ह्या शाळेवर मेहेरबानी हाय. आन् तक्रार हितूनच!”

“चहाचं राहू द्या, बाई. मूळ तक्रार सांगा.”

“तेच सांगायले. भाकरी टाकली होती, अंबाडीची भाजी केली होती, कमी तिखटाची. उन्हातनं आलेली, पण ताटावर बसली न्हाई. आपल्या बाटलीतलं पाणी पिऊन नीट सातवीच्या वर्गात. पुढच्या बाकावरल्या पोरांना पुस्तकातलं एक अक्षर विचारलं न्हाई. म्हणाली, शाळेचा नवा हापसा कुठंय, सांगा.”

“मग?”

“कुणाला सांगता येतंय!”

हसीना बेगमना हसू आलं, ते त्यांनी गिळलं. नाव गावच्या शाळेत आणि पोर लातूरच्या क्लासला. तपासणीपुरती तेवढी जीपमध्ये घालून आणायची. ही युक्ती त्यांना नवी नव्हती. हापशाचा प्रश्न मात्र नवा होता.

“सगळ्यांची नावं कापली मेलीनं. पट घसरला. आता एका गुरुजीचं पद जाईल.”

“बाई, माझं ऐका. तक्रार मागं घ्या. यात त्या सुटतील आणि नोटीस तुम्हालाच निघेल. निवृत्ती तोंडावर आलीय तुमची.”

“निघू द्या. पण चौकशीचा निकाल तालुक्यातल्या समद्या शाळांत वाचून दाखवतात न्हवं?”

“हो, वाचतात.”

“मग काही गाळू नका. चहा, भाकरी, हापसा, समदं येऊ द्या.”

एवढा दावा! हसीना बेगम मनातून चिडल्या. एका सचोटीच्या पोरीचं नाव ही बाई उगाच चव्हाट्यावर आणत होती. त्यांनी नेहमीचा शेवटचा प्रश्न जरा कोरडेपणानंच विचारला.

“तपासणी अधिकाऱ्याशी पूर्वीचं काही वैर? नातं?”

सुभद्राबाईंनी पदर सावरला. खुर्चीत ताठ बसल्या.

“भूकंपात तिचं घरदार गाडलं गेलं. पत्र्याच्या शाळेत मी शिकवत होते, तिथनं उचलून घरी आणली. सारा तालुका म्हणतो, मायच्या शाळेला झुकतं माप देती. आता तुमच्या शिक्क्यानं कळू द्या त्यांना. लेक हाय ती माझी.”